मनाशे थळकरचा उलटा नवस

मनाशे थळकरला इस्रायलमधल्या लोद गावी एखाद्या मेंदीच्या कार्यक्रमात पाहायला हवं होतं तुम्ही. बेने इस्रायलांच्या, म्हणजे कोकणातून आलेल्या ज्यूंच्या, घरी पाहुणे जमले की नवरीच्या आधी त्याची चौकशी. "मनाशे आला का?" दिसायला म्हणाल तर अगदी साधा माणूस. विमानतळावर प्रवाशांच्या बॅगा घेऊन येणारे फिरते पट्टे असतात ना, ते दुरुस्त करायची नोकरी, नखांत कायमचं काळं ग्रीस, डोक्यावर मोजून घ्यावेत इतके केस. पण एकदा तोंड उघडलं की म्हाताऱ्या तोंडात पदर कोंबायच्या आणि पुरुष हातातला ग्लास हातातच धरून बसायचे. तीस वर्षं हा मान त्याचा होता. त्याचा पगार नाही, पेन्शन नाही, पण मान होता.

आणि त्याच्या पोतडीतली सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे आईचा पाटा.

१९६९ साली थळकर मंडळी मुंबईची, उमरखाडीतली खोली सोडून इस्रायलला आली. मनाशे तेव्हा चौदा वर्षांचा. धाकटा सॅम्युअल तीन वर्षांचा, मनाशेच्या खांद्यावर गाढ झोपलेला. आई मलकाबाईने सगळं मागे सोडलं, पण पाटा-वरवंटा सोडला नाही. अकरा किलोचा दगड चादरीत बांधून विमानातून आणला. इथून पुढे मनाशेची गोष्ट. कस्टमचा ऑफिसर गाठोड्याकडे बोट दाखवतो, हे काय? आईला हिब्रूचा एक शब्द येत नाही. ती म्हणते, या मेल्याला बोलून काय कळणार, करूनच दाखवते! बसली तिथेच फतकल मारून. पुरचुंडीतून काढल्या सुक्या मिरच्या, काढला लसूण आणि लागली वाटायला. ऑफिसर वाकून वास घेतो. आणि मग जो शिंकतो म्हणता! त्याच्यामागे दुसरा ऑफिसर शिंकतो, रांगेतली माणसं शिंकतात, दाढीवाले राब्बाय धर्मगुरू शिंकतात, आणि शेवटी शिंकत शिंकतच तो कागदावर शिक्का मारतो. म्हणून तर आमचा शिक्का वाकडा! असं म्हणून मनाशे खिशातून तो जुना कागद काढून सगळ्यांसमोर फिरवायचा. शिक्का खरोखरच वाकडा होता.

मलकाबाई दर वेळी डोळे पुसत हसायची आणि स्वतःची भर घालायची. "मिरच्या साध्या नव्हत्या हो, संकेश्वरी होत्या!"

आता धाकट्याचं ऐका. सॅम्युअल, म्हणजे घरातला सॅमी, इथल्याच शाळेत वाढला. मराठी सगळं कळायचं, पण उत्तर हिब्रूत. 'आई' सोडली तर मराठीतला एकच शब्द त्याच्या जिभेवर, तो म्हणजे 'दादा'. सैन्यातून सुटल्यावर एलातच्या एका हॉटेलात पाहुण्यांचे खेळ घ्यायच्या कामाला लागला, तिथून तेल अविवच्या क्लबांत माइक घेऊन एकट्याने लोकांना हसवू लागला, आणि १९९८ साली टीव्हीवर आला. नावही कापलं. 'थळकर' पोस्टरवर लांब होतं म्हणे, म्हणून सॅमी ताल. "अख्खं गाव कापलं आणि दोन अक्षरं ठेवली," मनाशे कुरकुरला, पण कोणी लक्ष दिलं नाही. घरात सगळे टीव्हीला चिकटले होते.

आणि पहिल्याच कार्यक्रमात सॅमीने काय सांगावं? पाटा!

"अरे, तू झोपला होतास!" मनाशे टीव्हीवर ओरडला. त्याच्या बायकोने, तिकवाने, त्याला गप्प केलं. सॅमी हिब्रूत सांगत होता आणि स्टुडिओतली माणसं खुर्चीतून खाली पडायची बाकी होती. वर त्याने मीठमसालाही लावला. त्याच्या गोष्टीत दादा नावाचा एक येडपट मोठा भाऊ होता, अर्ध्या चड्डीतला, जो भीतीने दिसेल त्याला सलाम ठोकत सुटतो. ऑफिसरला सलाम, हमालाला सलाम, कचऱ्याच्या डब्याला सलाम. आठवड्याभरात विमानतळावरची पोरं मनाशे दिसला की टाचा जुळवून सलाम ठोकायला लागली. "शालोम, दादा!" ज्यांना हिंदुस्थान नकाशावर सापडला नसता ते त्याला दादा म्हणत होते. त्याच्याबरोबर काम करणारा लियोर एकदा कागद-पेन घेऊन आला. मनाशेला वाटलं, सुट्टीचा अर्ज असेल. तर म्हणाला, "माझ्या बायकोसाठी तुझ्या भावाची सही आणशील?"

मनाशेने सही आणली. काय करणार? पण घरी येऊन जेवला नाही.

खरं दुखणं याहून खोल होतं आणि ते त्याने तिकवालाही सांगितलं नव्हतं. सॅमी एका जागी थांबायचा. ऑफिसर वास घ्यायला वाकला, की सॅमी काहीच बोलायचा नाही. एक, दोन, तीन. नुसत्या नाकपुड्या फुगवायचा. आणि लोक शिंकेच्या आधीच फुटायचे. मनाशेने ही गोष्ट तीस वर्षांत पाचशे वेळा सांगितली असेल, पण तिथे थांबायचं त्याला कधी सुचलं नव्हतं. भावाने गोष्ट नेली याचं दुःख होतंच, पण मेल्याने ती चांगली सांगावी? एके दिवशी बाथरूमची कडी लावून त्याने आरशासमोर थांबून पाहिलं. एक, दोन, तीन. स्वतःच्या नाकपुड्या बघून त्याला इतकी लाज वाटली की त्याने उगाच नळ सोडला.

तुम्ही म्हणाल, मग सरळ सांगायचं ना भावाला, बाबा रे, ही गोष्ट माझी आहे म्हणून. तिथेच तर गोम होती. गोष्ट त्याची होती म्हणजे त्याने रचलेली होती. त्या दिवशी विमानतळावर कोणी काही विचारलं नव्हतं. पेंगुळलेल्या ऑफिसरने न बघता वाकडा शिक्का मारला आणि पुढे जा म्हणाला, संपलं. मग अश्केलोनला नेणाऱ्या बसमध्ये मलकाबाई खिडकीकडे तोंड करून रडायला लागली. बाहेर नुसती वाळू. वडील गप्प. तिचं रडं थांबेना, तेव्हा चौदा वर्षांच्या मनाशेने हातातल्या कागदावरचा वाकडा शिक्का पाहिला आणि बोलायला सुरुवात केली. "आई, तुला दिसलं नाही? तो ऑफिसर कसला शिंकला..." बस अश्केलोनला पोचेपर्यंत आई हसत होती. या देशातलं तिचं ते पहिलं हसू. पुढे गोष्ट इतक्यांदा सांगून झाली की खरी-खोटी कोणी विचारलंच नाही. सॅमीला ती घरात घडलेली गोष्ट वाटायची. घडलेली गोष्ट सगळ्यांची असते, ती कोणी चोरत नाही. आणि आई? आई मिरच्यांची जात सांगायची! ती माझी आहे असं म्हणायचं, तर ती खोटी आहे असंही म्हणावं लागणार. म्हणजे बहात्तर वर्षांच्या आईच्या हातातून ती मिरची, तो पाटा, ती शिंक, सगळं काढून घ्यायचं. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं, अशी गत. मनाशे आतल्या आत धुमसत राहिला.

तशात शुक्रवारच्या पेपरात सॅमीची पानभर मुलाखत आली. लिराझ, मनाशेची मुलगी, मोठ्याने वाचून दाखवायला लागली. "मी नक्की कुठला, हे मला ठाऊक नाही. शाळेत मी हिंदुस्थानी होतो, घरात मी इस्रायली. दोन्हीकडे मी गप्प बसून ऐकायचो. प्रसिद्धी म्हणजे काय विचाराल, तर अनोळखी बाई दुकानात तुमच्या आईची तब्येत विचारते, आणि तुम्हाला आठवतं की आईला फोन करून तीन आठवडे झाले. माझ्यात विनोद नाही हो. विनोद माझ्या घरात होता, मी नुसता उचलून आणला."

"बघा!" मनाशे म्हणाला. "चोरीची कबुली देतो आणि वर टाळ्या घेतो!"

"अब्बा, तो तुमचं कौतुक करतोय," लिराझ हिब्रूत म्हणाली.

"माझं नाव आहे त्यात?"

लिराझने पान उलटून पाहिलं. नाव नव्हतं.

ठिणगी पडली ती १९९९च्या हनुक्काला, दिव्यांच्या सणाला. लोदमधल्या आपल्या लोकांच्या संघटनेने सॅमीचा कार्यक्रम ठेवला, नगरपालिकेच्या हॉलमध्ये, पाहुणे बोलावून. संघटनेचा कोणताही कार्यक्रम मनाशेशिवाय सुरू झाला नव्हता. त्याने इस्त्रीचा शर्ट बाजूला काढून ठेवला आणि फोनची वाट पाहिली. फोन आला. सेक्रेटरी म्हणाले, "तुम्ही आईला घेऊन पुढच्या रांगेत बसा हं, दादा!" सेक्रेटरी त्याच्याहून दहा वर्षांनी मोठे. तेही दादा! मनाशेने फोन ठेवला, तो तडक स्वयंपाकघरात. तिथे भिंतीवर एलियाहू हन्नाबीची, म्हणजे प्रेषित एलियाची, तसबीर होती, रथातून आकाशात निघालेले. बेने इस्रायलांचा सगळा भार यांच्यावर. मूल होऊ दे, व्हिसा मिळू दे, पोरगा सैन्यातून धड परत येऊ दे, मलिदा करीन, म्हणजे गोड पोह्यांचा नैवेद्य. मनाशेने हात जोडले आणि दात आवळून म्हणाला, "एकदा. फक्त एकदा त्याच्या बोलण्यावर कोणी हसू नये. मलिदा करीन."

मागे तिकवा पिठाचा डबा घेऊन उभी होती. तिने सगळं ऐकलं आणि डबा ओट्यावर ठेवला.

हॉल गच्च भरला. मलकाबाई नवी साडी नेसून पहिल्या रांगेत, शेजारी मनाशे. सॅमी आला, टाळ्या पडल्या, पहिली दहा मिनिटं छान गेली. मग त्याने पाटा काढला. आणि पिकतं तिथे विकत नाही म्हणतात, ते मनाशेने डोळ्यांनी पाहिलं. तेल अविवला जे चालायचं ते इथे चालेना. या लोकांनी ही गोष्ट मांडीला मांडी लावून मराठीत ऐकलेली, मलकाबाईच्या हसण्यासकट. आणि इथे सॅमी नगरपालिकेच्या पाहुण्यांसमोर जमिनीवर फतकल मारून आईची नक्कल करत होता, आणि आई समोर. बायका माना वळवून मलकाबाईकडे बघायला लागल्या. हसावं कसं? सॅमी वाकला, थांबला. एक, दोन, तीन. हॉलमध्ये पंख्याचा आवाज येत होता.

त्या शांततेत मलकाबाईने मोठ्याने विचारलं, "मनाशे, काय म्हणतोय रे हा? कुणाची नक्कल करतोय?" पोराचं भरधाव हिब्रू तिला कधीच झेपलं नव्हतं.

सगळा हॉल मनाशेकडे वळला. वरून सॅमीनेही पाहिलं. कपाळावर घाम, ओठांवर अर्धं हसू. "दादा," तो हिब्रूत म्हणाला, "सांग ना तिला."

एक वाक्य पुरलं असतं. आई, तुझा पाटा सांगतोय, एवढं मराठीत म्हटलं असतं तरी ती हसली असती, आणि तिच्या मागून हॉल कोसळला असता. मनाशेला हे कळत होतं. दुसऱ्या कोणाला कळलं नसेल, पण त्याला कळत होतं, तीस वर्षं तेच तर करत आला होता तो. वाक्य जिभेवर आलं होतं. त्याने तोंड मिटून घेतलं आणि बुटांकडे बघत बसला.

सॅमीने कसाबसा कार्यक्रम संपवला. टाळ्या पडल्या, लग्नात आहेर देताना पडतात तशा. आईला न भेटता मागच्या दाराने निघून गेला.

पहिले दोन दिवस मनाशेला बरं वाटलं, खोटं कशाला बोला? विमानतळावर तो चक्क शीळ घालत होता. मग आठवडा गेला, दुसरा गेला. सॅमीचा फोन नाही. मलकाबाई फोनशेजारी खुर्ची ओढून बसायला लागली. लिराझ तेल अविवला कार्यक्रम पाहून आली आणि म्हणाली, "काकाने पाटा काढून टाकला, अब्बा. आता नुसतं ट्रॅफिक आणि बायका." मनाशेला वाटलं, बरं झालं. पण ते वाटणं घशाखाली उतरेना.

एके सकाळी तिकवाने त्याच्यासमोर चहा आपटला. "नवस फळला ना? मग फेडा."

"कसला नवस?"

"मला बहिरी समजता काय? एलियाहू हन्नाबीशी चालबाजी करायची नाही. आपल्याला पोरं आहेत."

मनाशेने खूप पळवाटा काढल्या. गुपचूप करू म्हणाला, नवीन फ्रिजच्या नावाने करू म्हणाला. "मलिद्याच्या ताटासमोर खोटं बोलणार?" तिकवाने विचारलं, आणि विषय संपला. शिवाय गुपचूप कसला? मलिद्याला दहा पुरुष लागतात. जानेवारीत 'तू बिश्वात' नावाचा फळांचा सण आला, मलिद्यासाठी याहून चांगला दिवस नाही. त्या वर्षी तो शनिवारी होता. सूर्य मावळून शब्बाथचा विश्रामदिवस सुटल्यावर माणसं जमली. शेजारच्या रमला गावातल्या दुकानातून आणलेले पोहे भिजवून, साखर, ओलं खोबरं, वेलची घालून ताटात डोंगर केला होता, भोवती केळी, खजूर, संत्री, सफरचंदं. दार वाजलं आणि सॅमी आत आला. मलकाबाईने फोन करकरून त्याला बोलावलं होतं. तो कोणाकडे न बघता मागे भिंतीला टेकून उभा राहिला.

प्रार्थना म्हणायला ऐंशीचे रुबीअंकल बसले होते. त्यांनी चष्मा पुसला आणि नेहमीचा प्रश्न विचारला. "नवस कोणाचा? कशाचा?"

"माझा," मनाशे म्हणाला. ताटातला वेलचीचा वास नाकात जात होता. तिकवा त्याच्याकडे बघत होती. "मी मागितलं होतं," तो शेवटी म्हणाला, "की सॅमीच्या बोलण्यावर कोणी हसू नये. हनुक्काच्या कार्यक्रमात. ते झालं. म्हणून हा मलिदा."

एक माणूस हलला नाही. आयुष्यात पहिल्यांदा मनाशे थळकर बोलला आणि घर गप्प झालं. त्या हॉलमध्ये सॅमीला काय वाटलं असेल, ते त्याला तेव्हा नीट कळलं. पाठीवरून घाम ओघळत गेला.

सॅमी भिंतीपासून पुढे आला. "का, दादा?" त्याने हिब्रूत विचारलं. चेहरा पांढरा पडला होता. "मी काय केलं तुझं?"

"पाट्याची गोष्ट माझी आहे."

"ती आपल्या घराची आहे! घडलंय ते! मीही होतो तिथे!"

मनाशेने आईकडे पाहिलं. तिच्या मांडीवर खजुराची वाटी होती. आता एक शब्द बोललो तर तीस वर्षांचं हिचं हसू जातं. "बरोबर आहे," तो म्हणाला. "घडलंय ते. चुकलं माझं."

"काय चुकलं?" मलकाबाई म्हणाली. "काही घडलं नाही."

सगळे तिच्याकडे वळले.

"अरे, मी होते की तिथे! मला ठाऊक नाही काय? कोण शिंकलं नि कोण बिंकलं! मी पाटा सोडलासुद्धा नाही चादरीतून. बसमध्ये मी रडत होते, म्हणून याने ती रचली. एवढासा पोर, मांडीवर तू, आणि माझ्यासाठी गोष्ट रचत होता. मी नसते हसले तर त्याला काय वाटलं असतं? म्हणून हसले. मग पुढे मलाच खरं हसू यायला लागलं." तिने मनाशेकडे पाहिलं. "तुझी आहे म्हणून आधी बोलला असतास तर? मेल्या, एवढ्यासाठी नवस करतात?"

"पण तू तर मिरच्यांची जात सांगायचीस!" मनाशेच्या तोंडून निघून गेलं.

"मग? तू ऑफिसर आणलास, मी मिरच्या आणल्या."

सॅमी मटकन खाली बसला, ताटासमोरच. "म्हणजे दोन वर्षं मी अख्ख्या देशाला थाप मारतोय," तो हिब्रूत म्हणाला. मग वर बघून, अडखळत, आयुष्यात पहिल्यांदा अख्खं वाक्य मराठीत बोलला. "दादा, मग तू सांग. मी झोपलेला होता."

व्याकरण गेलं खड्ड्यात. मनाशेच्या डोळ्यांत पाणी आलं, ते त्याने कांद्यावर ढकललं, आणि घरात कांदा चिरलेला नव्हता. रुबीअंकल म्हणाले, आधी बराखा, मग गोष्ट, आणि भरभर प्रार्थना उरकली. इतक्या भरभर त्यांनी ती कधीच म्हटली नव्हती. मूठ मूठ मलिदा वाटला गेला. आणि मनाशेने सुरुवात केली. अकरा किलोचा दगड. चादर. कस्टमचा ऑफिसर. सॅमी लहान पोरासारखा मांडी घालून खाली बसला होता, तोंड उघडं. आई फतकल मारून बसली, मिरच्या निघाल्या ("संकेश्वरी!" मलकाबाई ओरडली), वरवंटा फिरायला लागला, ऑफिसर वास घ्यायला वाकला.

आणि मनाशे थांबला.

एक. दोन. तीन. नाकपुड्या फुगवल्या.

घर फुटलं. रुबीअंकलांच्या तोंडातले पोहे ताटात उडाले, तिकवा भिंतीला धरून खाली बसली, मलकाबाईला ठसका लागला. तीस वर्षांत या गोष्टीला इतकं हसू कधी मिळालं नव्हतं, शिंक तर अजून यायचीच होती.

फक्त सॅमी हसत नव्हता. तो गुडघ्यांवर उभा राहून मनाशेकडे बोट दाखवत होता. "ए, दादा! ते थांबायचं माझं आहे! ते माझं!"

मनाशेने मलिद्याची मूठ भरली आणि भावाच्या उघड्या तोंडात कोंबली.

"मग कर तूही नवस," तो म्हणाला.